सहा गॅलन

क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात जानेवारीतल्या पहाटे
कुत्र्याच्या पाण्यावर बर्फाची साय धरते.
अशाच एका सकाळी आर्डिथ क्वामेचा निरोप आला :
ट्रेलरखालची वाळू ओली आहे,
आणि पाऊस तर सप्टेंबरनंतर झालेला नाही.

गेलो. टाकी बुडाशी फुटली होती,
करंगळी जाईल एवढं भोक.
आतली मॅग्नेशियमची कांडी काढून तिच्या हातावर ठेवली.
अंगठ्याएवढी जाड असते नवी असताना,
आता नुसती तार.
म्हटलं, गंजानं टाकी खाऊ नये
म्हणून आधी त्याला ही खायला घालायची असते.
वेळच्या वेळी बदलावी लागते.
"ऑर्विन बदलत असणार," ती म्हणाली.
"मला वाटायचं, ट्रेलरखाली सिगारेट ओढायला जातो."

दोन खोकी मी ट्रकच्या फळीवर मांडली.
माझे पैसे जोडणीचे, सल्ल्याचे नाहीत,
म्हणून सल्ला जरा सढळ देतो.
ही टाकीवाली. सहा गॅलन.
वीस मिनिटं थांबा, पाच मिनिटं भिजा,
दुसऱ्याला यायचं तर त्यानं पुन्हा थांबा.
ही बिनटाकीची. नळ सोडला की पेटते,
मिटला की विझते.
हिचं गरम पाणी संपतच नाही.

"संपतच नाही?"
तिनं बाहेर पाहिलं. टेकडीपर्यंत क्रिओसोटची झुडपं,
पाणी भरायची जागा नऊ मैलांवर.
"सगळं मिळून चाळीस गॅलन घेऊन बसलेय मी.
त्यातलं न संपणारं कुठलं?"
हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

मी म्हटलं, जरा नळ सोडून दाखवा.
तिनं सोडला : सुतासारखी धार.
बारा हिवाळे इथं काढलेला हात.
एवढ्यावर ही पेटणार नाही, मी म्हणालो.
हिला भरघोस मागावं लागतं.
जपून मागणाऱ्याला ही गारच देते.

यावर ती बोलली नाही.
तार खिडकीत ठेवली, मिठाच्या डबीशेजारी,
आणि मग सांगत सुटली :
ऑर्विन आधी आंघोळीला जायचा, तीन मिनिटांत बाहेर,
मानेवर अजून साबण.
मीपण तीन मिनिटांत. त्याला दाढीला लागेल म्हणून.
दाढी तो गार पाण्यानं करायचा,
मला भांड्यांना लागेल म्हणून.
भांडी काय, मी गारच पाण्यानं घासायचे.

"मग गरम पाणी जायचं कुठं?"
विचारून गेलो, आणि वाटलं, नको होतं विचारायला.

तिनं बाकाकडे पाहिलं.
त्या बाकाखालीच टाकी,
आणि बाकावर एका कानानं बहिरा, चौदा वर्षांचा म्हातारा कुत्रा,
थंड फळीवर जागा बदलत, कुरकुरत.
दोघांनी एकमेकांसाठी राखलेलं पाणी
रात्र-रात्र तिथं निवत गेलेलं,
आणि ते ठाऊक फक्त त्याला.

"टाकीचीच बसव," ती म्हणाली.

बसवली. पाइप बदलला, गॅसची गळती साबणाच्या फेसानं तपासली.
कांडी मात्र तिनं स्वतः घातली.
पाना कितीचा, विचारलं.
एक इंच अर्ध्या सुताचा.
लिहून घेतलं. आजची तारीख झाकणावर मार्करनं घातली,
मोठ्या अक्षरात, म्हातारपणी दिसेल अशी.
ती एकोणऐंशीची आहे.

मी हत्यारं आवरत होतो तेव्हा आत शॉवर सुरू झाला.
घड्याळ बघायची मला खोड आहे.
तीन मिनिटं झाली. चार. पाच झाली,
पाणी चालूच.
सहाव्याला आतून किंकाळी,
गार! गार! गार!
आणि मग हसू,
एवढं मोठं की बहिऱ्या कुत्र्यानं मान वर केली,
पाहिलं,
आणि पुन्हा बाकावर ठेवली.
अजून फळी तापायची होती.
वीस मिनिटं.